पक्ष्यांच्या दवाखान्यातलं टपाल

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पक्ष्यांच्या दवाखान्यात रुजू झालो. बसायची जागा औषधांच्या खोलीत, कापसाचे गठ्ठे आणि दाण्याची पोती यांच्या मधे. समोर एक जुनं मशीन. त्याच्या वरच्या झाकणावर ऊब असते म्हणून डॉक्टरबाईंनी आजारी चिमण्यांची पेटी तिथे ठेवलेली. पहिलं काम म्हणजे ती पेटी हलवणं. चिमण्यांनी जोरदार निषेध केला.

मशीनवर दवाखान्याची वेबसाइट चालते. कुठला पक्षी सापडला तर काय करायचं, कोणता पक्षी बरा होऊन उडाला, फोटो, पत्ता वगैरे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "साइट ठीक आहे. आता याच मशीनवर आपलं टपालही हवं. आम्ही सगळे कुठूनही ब्राउझर उघडून पत्रं वाचू शकलो पाहिजे. दुसरं मशीन मिळणार नाही, आधीच सांगते. महिनाभर बघू, जमलं तर पुढेही तुम्हीच."

मी मान डोलावली. मोठ्या कंपनीत असताना मी एका भल्यामोठ्या प्रोग्रॅमचा एवढासा कोपरा सांभाळायचो. गेल्या वर्षी तो विभागच बंद झाला. अख्खं मशीन एकट्याच्या गळ्यात कधी पडलं नव्हतं. हे डॉक्टरबाईंना बोललो नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता येईल की!" ती शाळेत गणित शिकवते, तिला सगळं येईलच असं वाटतं.

हे काम मला बाबांमुळे मिळालं. बाबा आयुष्यभर पोहण्याचे मास्तर. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात, आणि दिवाळं निघालेल्या दुकानदारासारखे खिडकीशी बसून असायचे. बायकोने त्यांना दवाखान्यात फोन घ्यायच्या कामाला लावलं. तिथे ते डॉक्टरबाईंच्या इतके मागे लागले, "टपाल हवं, टपाल हवं, माझ्या मुलाला बोलवा," की शेवटी मला बोलावणं आलं. माझी एवढी काळजी त्यांना असेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

टपालाचा प्रोग्रॅम घातला. चालूच होईना. दुपारभर मशीनशी डोकं लावून बसलो तेव्हा कळलं, भानगड दाराची आहे. ब्राउझरमधून येणारा प्रत्येकजण मशीनच्या ऐंशी नंबरच्या दारावर येतो. तिथे वेबसाइटचा सर्व्हर आधीच बसलेला. टपालाच्या प्रोग्रॅमबरोबर त्याचा स्वतःचा एक छोटा सर्व्हर आला आहे, आणि त्यालाही नेमकं तेच दार हवं. एका दारात दोघं उभे राहू शकत नाहीत. जो आधी उठेल तो बसेल, दुसरा रुसून बंद.

मी मशीन एकदा बंद करून चालू केलं. या वेळी टपाल आधी उठलं आणि वेबसाइट गायब! डॉक्टरबाई धावत आल्या. "काय केलंत?"

मी म्हणालो, "प्रयोग."

मागच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "पाय मार, पाय मार!" मी दचकलो. बघतो तर बाबा नव्हते, पोपट होता. तीन महिन्यांत बाबांचा तलावावरचा आवाज त्याने जसाच्या तसा उचलला आहे.

चांगली बातमी एकच. मागच्या खोलीतल्या गव्हाणी घुबडाने अंडं दिलं. मादी पंख मोडून आली होती, नर एका डोळ्याने अधू म्हणून इथेच राहिलेला. दोघांचं जमेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टपालाला दुसऱ्या नंबरच्या दारावर बसवलं. चालतं आहे! फक्त पत्ता लिहिताना शेवटी तो नंबर लिहावा लागतो.

बाबांना दाखवलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पत्त्याला ही शेपटी कशाला?"

"तात्पुरती आहे."

"काढ. बाहेरच्या माणसाला किती अवघड होईल."

"बाहेरची माणसं हे उघडणारच नाहीत बाबा. ती आपापल्या पत्त्यावरून पत्र पाठवणार. हे फक्त आपण आत येण्यासाठी."

"असं होय," म्हणाले, आणि लगेच बसले टाइप करायला. दोन बोटांनी. पहिलं पत्र त्यांनी मखमलवाल्या बाईंना लिहिलं. नाटकांचे कपडे शिवण्यात त्या बाईंचं आयुष्य गेलं. पंख मोडलेलं घुबड त्यांच्याच पोटमाळ्यावर सापडलं, आणि त्या ते राजाच्या मखमली झग्यात गुंडाळून दोन गावं ओलांडून बसने घेऊन आल्या. तेव्हापासून तब्येतीची चौकशी करतात. पण त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बाबा ओरडून उत्तर देतात आणि दवाखाना फडफडायला लागतो. पत्राचा हा खरा उपयोग आहे. निदान पक्षी शांत राहतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेपटीचं काही खरं नाही. डॉक्टरबाई ज्या कॉलेजात शिकवायला जातात तिथल्या नेटवर्कवर तसले नंबर उघडतच नाहीत. त्या म्हणाल्या, "मग मला याचा काय उपयोग?" बरोबर आहे. रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. घरी येऊन जेवताना बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "तुला नाही जमणार असं वाटतंय का?"

"हो."

"मग ते लिहून ठेव आणि उद्या परत बस."

लिहून ठेवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जमलं!!

किती सोपं होतं. ऐंशीच्या दारात एकालाच बसवायचं, वेबसाइटच्या सर्व्हरला. आलेल्याने साइटचं नाव घेतलं तर त्याला साइट दाखवायची, टपालाचं नाव घेतलं तर हाताला धरून आतल्या खोलीत टपालाकडे न्यायचं. बाहेरच्याला हे कळतही नाही. टपालाने रुसायचं कारण नाही आणि पत्त्याला शेपटी नाही. शेजारीच कुलूपवालं सुरक्षित दारही केलं, आता सगळे तिथूनच येतात.

डॉक्टरबाईंनी कॉलेजातून पत्र पाठवलं, "उघडलं. शाब्बास." मी औषधांच्या खोलीत एकटाच नाचलो. एकटाच नव्हतो. चिमण्या बघत होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना टपालाचं वेडच लागलं आहे. या वयात तंत्रज्ञानाची एवढी ओढ! आज एकामागून एक प्रश्न. पत्र पोचलं हे कसं कळतं? वाचलं हे कळतं का? एकदा पाठवलेलं परत घेता येतं का?

मी म्हणालो, "नाही. गेलं ते गेलं."

बाबांचा चेहरा उतरला. "अजिबात नाही?"

"काय लिहिलं होतंत?"

"काही नाही. घुबडाचं."

रात्रीच्या जेवणाला मी बायकोला सांगितलं की बाबांसाठी पत्र परत घेण्याची सोय शोधतो आहे. तिला ठसकाच लागला. पाणी दिलं तर पाण्यानेही लागला.

बाबांनी फिकट निळा शर्ट आणला आहे. दवाखान्यात घालायला, म्हणे. फिकट रंगावर पक्ष्यांची घाण जास्त दिसते हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "बघू," म्हणाले आणि स्वतः इस्त्री करत बसले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घुबडांच्या पेटीवर कॅमेरा लावला. मादी चार अंडी घेऊन बसते, नर तिला उंदीर आणून देतो आणि शेजारी मख्खासारखा उभा राहतो. एवढंच दिसतं. पण लोकांना काय आवडेल सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत साइटवर अशी गर्दी झाली की मला आधी आकडा चुकला असंच वाटलं. कोणी जुने टॉवेल आणून देतं आहे, कोणी खोकी, एक सुतार तर नव्या पिंजऱ्यांसाठी फळ्या टाकून गेला. डॉक्टरबाई दिवसभर गुणगुणत होत्या.

टपालाचं पान मात्र हळू उघडतं. बाबांनी दोनदा सांगितलं. बघतो म्हणालो.

१ मार्च, शनिवार

टपाल अजून हळू. गर्दी सगळी कॅमेऱ्याकडे. साइटचा सर्व्हर मशीनची मेमरी घटाघटा पितो, टपालाच्या वाट्याला घोटभर उरते. हे आधीच सुचायला हवं होतं. दोघांना एका दारातून आत घेतलं म्हणजे संसार लागला असं समजून मी नाचलो. आत खायला किती आहे ते बघितलंच नाही.

डॉक्टरबाईंना अजून सांगितलं नाही. त्यांची गुणगुण थांबवायचा धीर होत नाही.

४ मार्च, मंगळवार

बाबा जेवत नाहीत. कालपासून पोळी चिवडून उठतात. दर थोड्या वेळाने टपाल उघडतात, बंद करतात.

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

"काही हवंय का?"

"रविवारी एक पत्र पाठवलं होतं. उत्तर नाही आलं."

"कोणाला?"

"आहेत एक," म्हणाले आणि गच्चीवर गेले. मी पोटाच्या गोळ्या आणल्या. बायकोने त्या माझ्या हातातून घेऊन फडताळात टाकल्या आणि म्हणाली, "तू ते मशीन नीट कर. लवकर कर." गणिताच्या बाईंचा आवाज.

६ मार्च, गुरुवार

आजचा दिवस कसा लिहू!

सकाळी डॉक्टरबाई ओरडत आल्या, "तडा गेला!" पहिल्या अंड्याला आतून टोचा बसत होता. बातमी पसरली आणि अख्खं जग कॅमेऱ्यावर येऊन बसलं. मशीनचा पंखा घरघरायला लागला. आधी टपाल गेलं, मग साइट. पडदा काळा. बाहेर फोन वाजायला लागले: पिल्लू निघालं का, दिसत का नाही?

पिल्लू निघालंही. गुलाबी, ओलं, लोळागोळा, अगदी कुरूप. आम्ही तिघांनी ते दाराच्या फटीतून पाहिलं, जगाने नाही पाहिलं. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही, पण माझं वेगळ्या कारणाने.

त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन्ही एका मशीनवर झेपत नसेल तर तसं सांगा. माझा राग नाही. टपाल बंद करू, साइट राहू दे. लोक साइटमुळे येतायत."

मी हो म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. इतका थकलो होतो की सुटल्यासारखं वाटलं असतं. तेवढ्यात बाबा मधे आले. फिकट निळा शर्ट, हात कमरेवर.

"टपाल बंद करायचं नाही!"

तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा आवाज. सगळे पिंजरे एकदम फडफडले. पोपट म्हणाला, "पाय मार!"

"काका, हळू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "त्याला एक दिवस द्या. जमेल त्याला. मी सांगतो ना."

माझ्याबद्दल असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी एक दिवस दिला.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर येऊन बसलो. बाबा शेजारी पोत्यावर बसले. मधे चहा आणून दिला.

आधी कॅमेरा. हलतं चित्र बंद केलं, दर काही सेकंदांनी एक ताजा फोटो दाखवायचा असं केलं. घुबड तसंही हलत कुठे? मग साइटच्या सर्व्हरला लगाम घातला: एका वेळी इतक्याच लोकांना आत घ्यायचं, बाकीच्यांनी क्षणभर रांगेत थांबायचं. आणि मेमरीचा एक वाटा टपालासाठी वेगळा काढून ठेवला, त्याला कोणी हात लावायचा नाही. मशीन चालू केलं. साइट आली. गर्दी आली. पंखा घरघरला, आणि हळूहळू शांत झाला. टपालाचं पान पटकन उघडलं. मी परत उघडून बघितलं. परत पटकन.

मग लक्षात आलं की आलेली पत्रं पेट्यांत पडतच नाहीयेत. शोधलं. मेमरी संपली की मशीन स्वतःच एखादा प्रोग्रॅम मारून टाकतं, आणि रविवारी त्याने नेमका पत्रं वाटणारा प्रोग्रॅम मारला होता. तेव्हापासूनचं सगळं टपाल रांगेत तुंबून होतं. हरवलं काहीच नव्हतं! मी रांग बघितली. आतलं पत्र मी वाचत नाही, वाचणारही नाही, पण कोणाकडून कोणाला ते दिसतं. निम्मी रांग मखमलवाल्या बाईंची. सगळी बाबांच्या नावे. एका पक्ष्यासाठी माणसाची किती तळमळ असावी!

"बाबा, त्या बाईंची बरीच पत्रं अडकलीयत. घुबडाची फार काळजी दिसते. सोडतो आता."

बाबा पोत्यावरून उठले.

प्रोग्रॅम चालू केला. पत्रं धडाधड पेट्यांत पडायला लागली. बाबा दुसऱ्या खुर्चीवर बसून वाचत होते. एक वाचलं, दुसरं वाचलं. शेवटच्यावर थांबले. कान लाल.

"परतीची बस किती वाजता असते रे?"

"कुठली?"

"त्यांच्या गावाची! त्या आज आल्यायत. स्टँडवर बसल्या असतील. मी नाही गेलो तर परत जाणार, असं लिहिलंय."

"अहो, त्यांना दवाखान्याचा रस्ता माहीत आहे की. येतील थेट."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटरची किल्ली उचलली.

वाटभर माझा खांदा घट्ट धरून होते. स्टँडवर पोचलो तर त्यांच्या गावची बस उभी, इंजिन चालू. बाई पायरीवर एक पाय ठेवून हातातली पिशवी आत सरकवत होत्या. मधे दोन बसगाड्या, हमाल, सामान, ही गर्दी. बाबा स्कूटरवरून उतरले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले,

"थांबा! टपाल अडकलं होतं!"

अख्खा स्टँड थांबला. कंडक्टरही. फोनवर ज्यांना ऐकू येत नाही त्या बाईंना हे स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी वळून पाहिलं, पायरीवरचा पाय खाली घेतला. बाबा गर्दी कापत गेले. पोहत गेल्यासारखेच.

मी मागून पोचलो आणि खुलासा केला. "बाई, चूक माझी आहे. मेमरी कमी पडली, त्यामुळे वाटप बंद पडलं, पण तुमचं एकही पत्र हरवलेलं नाही."

त्या बाबांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं, हेच उत्तर."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "उत्तर वेगळं आहे."

"काय आहे?"

"हो आहे."

मी म्हणालो, "चला लवकर, दुसऱ्या अंड्यालाही तडा गेलाय." दोघांनाही घाई दिसली नाही. मग मी त्यांची पिशवी घेऊन पुढे झालो. ते चालत आले. दवाखाना तसा जवळ आहे, पण फार वेळ लागला त्यांना.

दुसरं पिल्लू दुपारी निघालं. या वेळी जगाने पाहिलं, आणि त्याच वेळी टपालही चालू होतं. डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "महिना झाला. आता इथेच राहा." बाई काचेतून पिल्लाकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, किती कुरूप!" आणि बाबा इतके हसले की त्यांना परत कोणीतरी हळू म्हणून सांगावं लागलं. रात्री त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. पोट बरं झालं.

१६ मार्च, रविवार

चारही पिल्लं सुखरूप. मशीन शांत.

मखमलवाल्या बाई या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांनाही कामाला लावलं आहे, जखमी पक्ष्यांसाठी मऊ पिशव्या शिवायच्या, आणि चौकशीच्या पत्रांना उत्तरं लिहायची. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "यांनाही टपालपेटी करून द्या."

रविवार म्हणून बायकोही पिल्लं बघायला आली होती. मी नव्या पेटीचं पान उघडलं. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "वेगळी कशाला? माझ्याबरोबर एकच करून टाक."

"तसं नको, बाबा," मी समजावलं. "दोघांनी एक पेटी वापरली की गोंधळ होतो. कोणी काय वाचलं, कोणी उत्तर दिलं, कळत नाही. आणि एकमेकांची खासगी पत्रं दिसतात."

"दिसू देत," बाई म्हणाल्या. "आता काय लपवायचं?"

"म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीने…"

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. मी तिच्याकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या. मी बाबांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाबांच्या हातात बाईंची शिवणाची पिशवी होती, आणि ती कितीतरी वेळ त्यांच्याच हातात होती.

मग मला कळलं. शर्ट, कान, गोळ्या, स्टँड, सगळं एकदम कळलं. मी खुर्चीतच मागे सरकलो.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तू सोडून सगळ्यांना ठाऊक आहे," बायको म्हणाली. "पोपटालासुद्धा."

क्षणभर आई आठवली. बाबांना ते दिसलं असावं. ते जवळ आले, हळू म्हणाले, अगदी खरंच हळू, "तुला चालेल ना रे?"

मी मान डोलावली आणि त्यांचा हात धरला. लहानपणी तलावात उतरताना धरायचो तसाच मोठा, गरम हात. बाईंनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "हुशार आहे हो मुलगा, पण हळू उघडतो." बायको हसता हसता दाण्याच्या पोत्यावरच बसली.

मी डोळे पुसून पडद्याकडे वळलो. पत्ता विचारला. बाबांनी आधी बाईंचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. मी दोन्ही लागोपाठ टाइप केली.

"दोन नावांच्या मधे टिंब टाकू?"

दोघं एकदम म्हणाले, "नको."